टिन ओपनर अर्ध्यावर घसरतो: नवा किंवा इलेक्ट्रिक घेण्याआधी दोष कुठे आहे ते बघा

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. आमरसाचा डबा ओट्यावर, पाहुणे पानावर बसायच्या बेतात. ओपनर काठावर नीट बसतो, चार-पाच वेढे छान होतात आणि मग चावी नुसतीच गरगर फिरते, डबा जागचा हलत नाही. थोडा मागे घेऊन परत लावला की दोन बोटं कापतो, पुन्हा घसरतो. शेवटी सुरी, पेचकस, बत्ता, जे हाताशी येईल ते बाहेर निघतं आणि झाकण वेडंवाकडं उचकटलं जातं. मग बाजारातून नवा ओपनर येतो, काही महिन्यांनी तोही तेच करायला लागतो, आणि कुणीतरी म्हणतं, आता एकदाचा इलेक्ट्रिकच घेऊन टाका.

इलेक्ट्रिक घ्यायला माझी ना नाही. काही घरांत तोच घ्यायला हवा, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण घसरण्याचं कारण न शोधता घेतला तर इलेक्ट्रिकही घसरतो, फक्त आवाज करत घसरतो. आतली चाकं तीच असतात. हाताच्या जागी मोटर आली, एवढाच फरक.

आत्ता डबा अर्धवट कापून अडकला असेल तर आधी तो सोडवा. जिथे घसरला तिथेच पुन्हापुन्हा चावी फिरवू नका, त्याने काठ घासून गुळगुळीत होतो आणि दात्यांना धरायला काही उरत नाही. ओपनर पूर्ण काढा, घसरलेली जागा सोडून बोटभर पुढे नव्याने दाबून भोक पाडा आणि तिथून चालवा. मधला न कापलेला तुकडा शेवटी चमच्याच्या दांड्याने झाकण वर उचलून वाकवता येतो. बोट घालू नका, कापलेल्या पत्र्याची धार ब्लेडपेक्षा वाईट लागते. डबा पालथा करून बुडाकडून कापायचा उपाय चांगला आहे, पण झाकणाला भोक पडलेलं नसेल तेव्हाच, नाहीतर सगळा रस ओट्यावर.

काठात काय असतं आणि ओपनर काय करतो

डब्याच्या काठावरून बोट फिरवा. जी उभी कड लागते तिच्यात झाकणाचा पत्रा आणि डब्याच्या अंगाचा पत्रा एकमेकांत दुमडून घट्ट दाबलेले असतात. ती घडी उभी चिरली तर पत्र्याचे पाच पदर दिसतात, तीन झाकणाचे आणि दोन अंगाचे. अंगाचा उभा जोड जिथे काठाला मिळतो तिथे पत्र्यावर पत्रा चढलेला असतो, म्हणून तेवढ्या एका जागी काठ किंचित जाड असतो. नखाने जाणवतो. ही जागा लक्षात ठेवा.

आता ओपनर. त्यात दोन चाकं असतात. एक धारेचं, ते वरून झाकणात घुसून कापतं. दुसरं दातेरी, ते काठाच्या खालून धरून डबा पुढे सरकवतं. चावी फिरवता तेव्हा खरं तर तुम्ही दातेरी चाक फिरवत असता, धारेचं चाक नुसतं बरोबर लोळत जातं. घसरलं की सगळे धारेवर संशय घेतात, ‘बोथट झाला’ म्हणतात. बोथट धारेमुळे डबा नीट कापला जात नाही हे खरं, पण चावी फिरतेय आणि डबा हलत नाही, हा दोष बहुतेक वेळा दातेरी चाकाचा असतो.

या चाकाचा इतिहासही गमतीचा आहे. पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांना १८१० मध्ये मिळालं. डबे आले, पण ते उघडायचे छिन्नी-हातोड्याने. इंग्लंडच्या रॉबर्ट येट्स यांचा टोकदार पात्याचा ओपनर १८५५ चा आणि अमेरिकेतल्या एझ्रा वॉर्नर यांचा १८५८ चा. फिरत्या चाकाने कापायची कल्पना १८७० मध्ये विल्यम लायमन यांची. आणि डबा धरून पुढे सरकवणारं दातेरी चाक १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टार कॅन ओपनर कंपनीने जोडलं. डब्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी आलेलं हे चाक, आणि घरोघरी दगा देतं ते नेमकं हेच.

झाकण फेकू नका, ते वाचा

दोष ओळखायला सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे अर्धवट कापलेलं झाकण आणि डब्याचा काठ. उजेडात धरून बघा.

कापलेल्या रेषेत ठरावीक अंतरावर न कापलेले छोटे तुकडे राहिले असतील, म्हणजे कापलं, राहिलं, कापलं, राहिलं, आणि मधलं अंतर दर वेळी सारखंच, तर धारेच्या चाकाला एका जागी खाच पडली आहे. चाकाचा एक वेढा झाला की ती खाच पुन्हा झाकणावर येते आणि तेवढं टिचभर सोडून देते. चाक बोटाने हळू फिरवून बघा, खाच डोळ्यांना दिसते. यावर घरगुती उपाय नाही. कानशीने घासून धार काढायचे प्रयोग करू नका, चाक लंबगोल होतं आणि मग सगळीकडेच सोडतं. ओपनर बदला.

झाकणावर नुसती चर उमटली आहे, पण पत्रा आरपार गेलेला नाही, असं दिसलं तर धारेचं चाक पुरेसं खाली बसत नाही. एकतर दोन्ही दांड्या जोडणारं रिव्हेट ढिलं झालंय, नाहीतर दांड्याच दाबल्यावर वाकतात. पातळ पत्र्याच्या दांड्यांचे स्वस्त ओपनर इथेच मार खातात. ओपनर मिटून दिव्यासमोर धरा आणि एक दांडी डावी-उजवी हलवा. खटखट वाजत असेल, चाकांमधली फट कमी-जास्त होत असेल, तर निदान झालं. काही ओपनरना चावीच्या उलट बाजूला छोटा नट किंवा स्क्रू असतो, तो कसला की फट भरते. रिव्हेट असेल तर ते लोखंडी ठोकळ्यावर ठेवून वरून हातोडीचे दोन हलके टोले देतात. जमलं तर बरेच दिवस चालतं. फार ठोकलं तर दांड्या जाम होतात, तेव्हा हात आखडता ठेवा.

काठाच्या खालच्या बाजूला पत्रा घासून चकाकलेला दिसतोय, दात्यांचे ठसे उमटण्याऐवजी सरळ ओरखडा आहे, तर दातेरी चाक तिथे फिरलं पण धरलं नाही. याचं कारण जवळजवळ नेहमी घाण. आंब्याचा रस, गोड दाटसर दूध, रसगुल्ल्याचा पाक, सगळं चिकट आणि साखरेचं. ते दात्यांच्या खाचांत जाऊन वाळतं. खाचा भरल्या की दातेरी चाक गुळगुळीत चाकासारखं वागतं. नवा ओपनर काही महिने छान चालतो आणि मग बिघडतो, त्यामागे बहुधा एवढंच असतं. बिघडलेला ओपनर कचऱ्यात जातो, आणि तो खरं तर धुवायला हवा असतो.

आणि प्रत्येक डब्यावर त्या उभ्या जोडापाशीच घसरत असेल, तर ओपनर बिचारा ठीक आहे. जोड काठाला जिथे मिळतो तिथून बोटभर पुढे सुरुवात करा. मग जाड जागा सगळ्यात शेवटी येते आणि ती कापायची गरजच नाही. तेवढा भाग बिजागरीसारखा ठेवून झाकण वर वाकवायचं. झाकण रसात बुडत नाही, हा वरचा फायदा.

धुवायचा कसा

वाळलेली साखर कोमट पाण्यात विरघळते, त्यामुळे फार अवघड नाही. फक्त चाकांकडचा भाग पाव तास कोमट पाण्यात बुडवून ठेवा. मग भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन, चावी हळूहळू फिरवत, दातेरी चाकाची एकेक खाच घासा. ब्रश चाकाच्या दिशेने नाही, खाचेच्या दिशेने चालवायचा. आतून काळपट चिकट वड्या निघतात, त्या बघून जेवण जात नाही. बऱ्याच घरांत ओपनर कधीच धुतला जात नाही, कारण तो ‘भांडं’ नाही, ‘हत्यार’ आहे असा समज. पण धारेचं चाक दर वेळी अन्नात बुडतं, सुरीसारखंच.

खाचांत अजून काही अडकलं असेल तर दाताच्या काडीने काढा. गंज असेल तर व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून पुन्हा घासा आणि साध्या पाण्याने धुवा. मग लगेच कोरडा पुसा. ‘निथळायला’ म्हणून भांड्यांच्या टोपलीत टाकला तर चाकाच्या आसापाशी पाणी राहतं आणि पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, चार दिवसांत तांबूस डाग दिसायला लागतात. डिशवॉशरमध्येही घालू नका. खिळ्याला टांगून ठेवलेला ओपनर ड्रॉवरमधल्यापेक्षा जास्त टिकतो, याचं कारण वारा, दुसरं काही नाही.

चाकाच्या आसाला तेलाचा एक थेंब द्यायचा. इथे बरेच जण फसतात. सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल हवेत हळूहळू चिकट होतं, तव्याच्या कडेला जसा पिवळट थर जमतो तसा, आणि मग चाक आणखी जाम. खाण्याचं खोबरेल त्या मानाने बरं, ते असं चिकट होत नाही. थंडीत थिजतं, पण दोन वेढ्यांत सुटतं. शिलाई मशीनचं तेल अन्नाला लागणाऱ्या चाकावर नको.

धुऊन झाल्यावर एक सोपी परीक्षा. जाड कागदाचा तुकडा, जुनी लग्नपत्रिका सगळ्यात उत्तम, दोन चाकांमध्ये धरून ओपनर मिटा आणि चावी फिरवा. कागद सरसर पुढे सरकला, एका बाजूला सरळ काप आणि दुसरीकडे दात्यांचे समान ठसे दिसले, तर ओपनर तंदुरुस्त आहे. ठसे मध्येच गायब होत असतील तर तिथले दाते झिजलेत. कागदाबरोबर आत राहिलेली घाणही निघून येते. आणि हो, चाकावरचा चकचकीत मुलामा पापुद्रे धरून सुटत असेल तर बाकी सगळं ठीक असलं तरी तो ओपनर वापरू नका. पापुद्रे जायचे कुठे, तर रसातच.

दोष ओपनरचा नाही, डब्याचा

कोकणात हंगाम सरत आला की उरलेला आंबा कॅनिंगला जातो. बाजारात दिसणारे हापूसच्या रसाचे डबे बहुतेक ८५० ग्रॅमचे असतात आणि केटरिंगवाल्यांचे मोठे ३.१ किलोचे. मशरूम, मका, बेक्ड बीन्स, रसगुल्ले यांच्या डब्यांना आता बऱ्याचदा कडी असते, पण आंब्याच्या रसाचे अनेक डबे अजून साध्या झाकणाचे येतात, म्हणून मराठी घरात ओपनर आठवतो तो बहुधा आमरसासाठी. वर्षातून मोजक्या वेळा वापरला जातो आणि दर वेळी ड्रॉवरच्या तळातून गंजलेला सापडतो.

पोचा पडलेला डबा कुठूनही कापा, पण पोचा काठावर असेल तर चाक तिथे उतरतंच. पोच्याच्या पलीकडून सुरुवात करा आणि अलीकडे थांबा. काठावरचा पोचा खोल किंवा टोकदार असेल, घडीलाच चीर गेली असेल, आतून ओल दिसत असेल, तर मात्र उघडायच्या भानगडीत पडू नका.

काही डब्यांचं बूड तोंडापेक्षा थोडं निमुळतं असतं, एकावर एक रचता यावेत म्हणून. असा डबा पालथा करून बुडाकडून कापायला गेलं की दातेरी चाकाला काठाखाली जागाच मिळत नाही आणि ओपनर घसरतो. त्याला तोंडाकडूनच कापायला हवं. माशांच्या उथळ डब्यांचं बूड तर बऱ्याचदा अंगासकट एकाच पत्र्याचं, गोलाईचं असतं. तिथे घडीच नाही, मग ओपनर धरणार काय? कडी तुटलेल्या डब्यावर वरच्याच काठाला नेहमीचा ओपनर लावून बघा, बहुतेक वेळा चालतो. कडीचा उरलेला ठोंब आड येत असेल तर पकडीने आधी वाकवून घ्या. चौकोनी आणि लांबट डब्यांच्या कोपऱ्यावर चाकाचे ओपनर अडतात, इलेक्ट्रिक तर हमखास. तिथे जुना टोकदार पात्याचा, खुपसून वर-खाली करत न्यायचा ओपनर कामाला येतो. कडा करवतीसारख्या होतात, पण डबा उघडतो. शंभर-दीडशे रुपयांचा तो एक घरात असू द्यावाच.

फुगलेला डबा ओपनरच्या जवळही नेऊ नका. झाकण किंवा बूड बाहेर आलंय, बोटाने दाबलं की टकटक आत-बाहेर होतंय, म्हणजे आत वायू झालाय. मशरूम, मका, बीन्स यांसारख्या कमी आंबट पदार्थांत, सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका जास्त तितका पदार्थ कमी आंबट) ४.६ च्या वर असेल तर, हवाबंद डब्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू विष तयार करू शकतो, आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. ‘जरा चाखून बघते’ हा प्रकार इथे जिवावर बेतू शकतो. आंब्याचा रस आंबट असल्याने हा विशिष्ट धोका कमी, पण फुगलेला रसही खराबच. भोक पाडताच फसकन उडाला तरी फेकायचा. आणि गोड दाटसर दुधाचा डबा उकळून टॉफी करणारे आहेतच, त्यांनी डबा पूर्ण गार होईपर्यंत ओपनर लावू नये. गरम डब्याला भोक पडलं की उकळता चिकट पाक थेट तोंडावर येतो.

उघडल्यावर उरलेला रस डब्यातच झाकून फ्रीजमध्ये ठेवू नका. आंबट पदार्थ हवेच्या संगतीने पत्र्यावरचं कथील उतरवायला लागतो, चव धातूसारखी होते. काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात काढा.

बाजूने कापणारा ओपनर आणि त्याबद्दलच्या तक्रारी

अलीकडे असे ओपनर मिळतात जे झाकणात न घुसता काठाची घडीच बाहेरच्या बाजूने कापतात. झाकण सबंध सुटतं, कडा बोथट राहतात, चाक अन्नाला लागत नाही. मला हा प्रकार आवडतो, लहान मुलं असलेल्या घरात तर फारच. पण ‘चालतच नाही’ म्हणून परत केले जाणारे ओपनरही बहुधा हेच. कारण लावायची पद्धत. नेहमीचा ओपनर डब्याच्या बाजूला उभा धरतात. हा डब्याच्या माथ्यावर आडवा झोपवायचा असतो, चावी वर आकाशाकडे. सवयीने उभा लावला की तो धरत नाही.

दुसरं, तो कापतोय हे दिसत नाही. झाकण जागच्या जागी राहतं, म्हणून माणूस आणखी दोन वेढे मारतो. एका फेरीपेक्षा थोडं जास्त फिरवून थांबा. पुन्हापुन्हा त्याच रेषेवरून नेलं की पत्र्याची केसासारखी बारीक कीस निघते आणि ती रसात पडते. ओपनरलाच छोटा चिमटा असतो, त्याने झाकण काठाशी धरून वर उचलायचं. पोचे पडलेल्या डब्यांवर मात्र याची नेहमीच्यापेक्षा लवकर फजिती होते.

इलेक्ट्रिक: कुणी घ्यावा आणि घेतल्यावर काय बिघडतं

अंगठ्याच्या बुंध्याशी दुखणं असलेल्यांनी, संधिवात असलेल्यांनी, एक हात अधू असलेल्यांनी खुशाल घ्यावा. फुलपाखरासारखी छोटी चावी चिमटीत धरून पिळणं हे दुखऱ्या अंगठ्याला सगळ्यात नको असलेलं काम. डावखुऱ्यांनाही नेहमीचा ओपनर उलटाच पडतो, कारण चावी उजव्या हातासाठी बसवलेली असते. पण त्याआधी लांब हँडलवाला हाताचा ओपनर एकदा वापरून बघा. चावीच्या जागी वीतभर फिरता दांडा असला की तेच काम मनगटाने होतं, चिमटीने नाही, आणि निम्म्या लोकांची तक्रार तिथेच संपते. निम्मे हा माझा अंदाज आहे, पण सासूबाईंच्या वयाच्या ज्या ज्या बाईच्या हातात तो दिला तिने तो परत दिलेला नाही.

सेलवर चालणारा, डब्यावर ठेवून बटण दाबलं की स्वतःच गोल फिरणारा प्रकार आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतो. त्याची तक्रार ठरलेली: सुरू होतो, अर्ध्यावर घरघरतो आणि डब्याला घट्ट चिकटून बसतो. नव्वद टक्के संशय सेलवर घ्या. भिंतीवरच्या घड्याळात चालणारे स्वस्त पेन्सिल सेल मोटरचा भार आला की मान टाकतात, घड्याळ महिनोन्‌महिने चालवत असले तरी. अल्कलाइन सेल घाला, चारही एकदम नवे, नवे-जुने मिसळू नका. चार्ज करायचे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे चारांचे ४.८, साध्या सेलचे ६. काही यंत्रांना ४.८ पुरत नाहीत, माहितीपत्रकात बघून घ्या.

डब्याला चिकटून बसला तर ओढाताण नको, प्लास्टिकचे दाते मोडतात. नवे सेल घालून बटण पुन्हा दाबा, अनेक यंत्रं उलटी फिरून सुटतात. आणि वापर क्वचित असेल तर सेल काढून ठेवा. पावसाळाभर आत राहिलेले सेल पाझरतात, पांढरी-हिरवट भुकटी पत्तीवर जमते आणि यंत्र मेलं असं वाटतं. अल्कलाइन सेलची ती भुकटी हाताला लागू न देता, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग कोरडं करा. पुष्कळदा पुन्हा जिवंत होतं.

ओट्यावर उभा राहणारा, प्लगवर चालणारा प्रकार ताकदीचा असतो, पण त्यात डबा काठाला लटकतो. ८५० ग्रॅमचा डबा तो पेलतो. मोठा ३.१ किलोचा डबा लावलात तर वजनाने काठ दात्यांतून सुटतो, आणि तुम्ही म्हणाल यंत्र घसरतंय. खालून हाताचा किंवा उपड्या पातेल्याचा आधार द्या, आणि उंची बसत नसेल तर नादच सोडा. त्याचं लोहचुंबक झाकण उचलून धरतं ते पोलादी पत्र्याचं. ॲल्युमिनियमचं झाकण धरत नाही, तो बिघाड नव्हे. कापणारा भाग काढून धुता येतो की नाही हे घेतानाच बघा. येत नसेल तर काही महिन्यांनी पुन्हा तीच वाळलेल्या पाकाची गोष्ट, फक्त आता ब्रश पोचणार नाही अशा जागी.

अमेरिकेहून मुलाने पाठवलेला ओपनर हा एक वेगळाच विषय. तिथे वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे २३० आणि ५०. पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर लावून चालू केला तर मोटर जळून वास सुटतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट जुळतात, हर्ट्झ नाही, त्यामुळे साधी मोटर संथ फिरते आणि जास्त तापते. ओपनरसाठी ट्रान्सफॉर्मर ओट्यावर मांडण्यात अर्थ नाही. दुबईहून किंवा इंग्लंडहून आलेल्याचा व्होल्ट-हर्ट्झचा प्रश्न येत नाही, पिनेचं तेवढं बघावं लागतं. आणि जूनच्या पहिल्या वादळात गावाकडे लाईट जाते तेव्हा प्लगचा ओपनर शोभेची वस्तू होतो, म्हणून तो घेतला तरी हाताचा फेकू नका.

दुकानात

फोटो बघून ओपनर घेऊ नका, निदान हाताचा तरी. दोन्ही दांड्या मिटून दाबा, वाकत असतील तर ठेवून द्या. चाकांमधली फट उजेडात बघा. चावी फिरवताना दातेरी चाक डुलता कामा नये, एका पातळीत फिरायला हवं. धारेचं चाक लोहचुंबकाला चिकटत असेल तर बरी खूण. न गंजणारं म्हणून विकलं जाणारं, चुंबकाला न चिकटणारं नेहमीच्या भांड्यांचं स्टील कडक करता येत नाही आणि त्याची धार लवकर जाते. दाते खोल आणि टोकदार हवेत. गुळगुळीत गोलसर दात्यांचा ओपनर पहिल्याच मोसमात पाकाने भरतो.

शक्य असेल तर घरून एक जुना, धुतलेला रिकामा डबा घेऊन जा. एका बाजूचं झाकण गेलेलं असलं तरी दुसरी बाजू चाचणीला पुरते. उभ्या जोडावरून चालवून बघा, कारण तिथे जो टिकला तो बाकी सगळीकडे टिकतो. दुकानदार कुरकुरला तर पलीकडच्या भांड्यांच्या दुकानात विचारा, तिथेही ओपनर असतात.